डब्यावरचा मका

जावयाने कापलेलं बोट तोंडात धरलं आणि फ्रिजचं दार ढोपराने लोटलं.

शहराच्या दुसऱ्या टोकाला त्याची बायको एका लिफ्टच्या टपावर उकिडवी बसून लोखंडी दोरावरून हात फिरवत होती.

छापलेला मका खऱ्या मक्यापेक्षा नेहमीच जास्त पिवळा असतो.

खालच्या दुकानात, बंद शटरच्या आत, चष्म्यांच्या रिकाम्या फ्रेमा एकमेकींकडे बघत होत्या.

सासूबाईंनी वर्तमानपत्राचं पान उलटलं. मग तेच पान पुन्हा सुलटं केलं.

"गाडी लावायला या गल्लीत काय बापाचा रस्ता विकत घ्यायचा?" असं कुणालातरी विचारत मेहुणा जिना चढत होता.

बोट कापलं होतं ते मक्याच्या टिनच्या कडेने. फ्रिजच्या मधल्या फळीवर, अगदी पुढ्यात, तो बसला होता: डोक्यावर फॉइल, फॉइलला रबरबँड, पोटावर दात विचकणारं पिवळंधमक कणीस. फॉइल एका बाजूने फाटलं होतं आणि तिथून पत्र्याची कड बाहेर डोकावत होती. दुधासाठी आत गेलेल्या हाताचा तिने चावा घेतला.

जावयाच्या तळपायाची आग मस्तकात गेली, ती बोटासाठी नव्हे. आदल्या संध्याकाळी त्याने स्वतःच्या हाताने तो मका स्टीलच्या डब्यात काढला होता. झाकण घट्ट लावलं होतं. झाकणावर पांढरी पट्टी, पट्टीवर ठळक अक्षरात 'मका' आणि खाली टिन उघडल्याचा वार. रिकामा टिन विसळून सिंकखालच्या भंगाराच्या पिशवीत टाकला होता. आता तोच टिन भंगारातून उठून, पोट भरून, पुन्हा गादीवर बसला होता. आणि स्टीलचा डबा घासूनपुसून रॅकवर पालथा पडला होता.

एकदा झालं असतं तर तो हसला असता. पण टोमॅटोचं हेच झालं होतं, पीचचं हेच झालं होतं, वाटाण्यांचं तर दोनदा. त्याने डब्यात काढायचं आणि सासूबाईंनी परत टिनमध्ये ओतायचं. तो दुकानात गेला रे गेला की वर हा उलटा कारभार सुरू.

जावई चष्मे करायचा. खाली दुकान, वर घर. बायको लिफ्ट तपासायची. तिच्या कामाला ना वेळ ना काळ, म्हणून स्वयंपाकघर त्याच्याकडे होतं, आणि दोन गिऱ्हाइकांच्या मधे जेवण उरकणाऱ्या माणसाला टिनसारखा सोबती नाही. पण त्याचेही नियम असतात. टिन बंद असतो तोवर किल्ला. एकदा दार उघडलं की धर्मशाळा. हवा आत शिरते, कड गंजते, टोमॅटोसारखा आंबट माल पत्र्यालाच खायला लागतो आणि पत्र्याची चव घेऊन ताटात येतो. उरलेलं लगेच झाकणाच्या डब्यात काढावं, फ्रिजमध्ये ठेवावं आणि दोन-तीन दिवसांत संपवावं. यात कळण्यासारखं अवघड काय आहे?

हेच त्याने सासूबाईंना विचारलं होतं. चांगल्या शब्दांत.

"वर्षभर त्या टिनातच होतं ना ते?" सासूबाई म्हणाल्या होत्या. "तेव्हा नाही बरं लागली पत्र्याची चव?"

"तेव्हा तो बंद होता, आई."

"मग मीही बंदच केलाय. फॉइल काय शोभेला लावलंय?"

"फॉइल म्हणजे झाकण नव्हे."

"आणि तुमचे ते डबे! सगळे एका साच्यातले, पलटण उभी केल्यासारखे. एकेकाचं झाकण काढून हुंगत बसू का मी, मांजरासारखी?"

"अहो, पण वर लेबल आहे ना?"

"असेल," सासूबाई म्हणाल्या आणि ओट्यावर नसलेला डाग पुसायला लागल्या.

असेल! जावयाला तो शब्द दिवसभर पुरला. भिंगाच्या कडा घासताना तो मधेच थांबून स्वतःशी म्हणायचा, असेल म्हणे.

बरं, भांडण फक्त टिनचं असतं तर एक वेळ चाललं असतं. सासूबाईंनी चष्म्यालाही नाव ठेवलं होतं, आणि ते त्याच्या वर्मी लागलं होतं. उन्हाळ्याच्या आधी त्यांच्या डोक्यातल्या एका बारीक शिरेत गुठळी अडकली. थोडक्यात निभावलं. चार दिवस दवाखान्यात राहून त्या चालत-बोलत घरी आल्या, हात-पाय शाबूत, जीभ तर होती त्यापेक्षा धारदार. आल्या आणि म्हणाल्या, चष्मा बदलून द्या, काचेत खोट आहे. त्याने नवा करून दिला. तोही परत. मग त्याने त्यांना दुकानात खुर्चीवर बसवलं, खाच असलेल्या वर्तुळांचा तक्ता लावला आणि विचारलं, खाच कुठे आहे? वर, खाली, उजवीकडे, डावीकडे. सासूबाईंनी शेवटच्या बारीक ओळीपर्यंत बोटाने दाखवली. एक चूक नाही.

"मग तक्रार कशाची आहे?"

"अक्षरं मुंग्यांसारखी दिसतात."

"नंबर बरोबर आहे, आई."

"मग मुंग्या बरोबर असतील," असं म्हणून सासूबाई जिना चढून गेल्या होत्या. दुकानात दोन गिऱ्हाइकं बसली होती. त्यातलं एक हसलं.

जावई म्हणजे दहावा ग्रह म्हणतात. या घरात मात्र ग्रहण त्यालाच लागलं होतं.

त्यात आज मेहुणा. दुसऱ्या गावाहून तो कधीमधी यायचा, जेवायचा, उंटावरून शेळ्या हाकायचा आणि ऊन उतरायच्या आत निघून जायचा. ताई कामावर गेली आहे हे कळल्यावर त्याने तोंड वाकडं केलं, आईच्या खांद्यावर हात ठेवला, 'वाळलीस गं' म्हणाला आणि गार पाणी घ्यायला स्वतःच फ्रिज उघडला.

बराच वेळ दार उघडंच राहिलं.

"भावजी," मेहुण्याने हाक मारली. "हे काय आहे?"

त्याच्या हातात मक्याचा टिन होता. फॉइलवर जावयाच्या बोटाचा लाल ठसा.

"मका," जावई म्हणाला.

"ते दिसतंय. चित्र आहे. मी विचारतोय, उघडा टिन फ्रिजमध्ये काय करतोय? वर रक्त कसलं? आईचं नुकतं एवढं मोठं दुखणं झालं आणि तुम्ही तिला पत्र्यातलं शिळं घालता?"

"हे पाहा, मी असं कधीच—"

"माझ्याकडे कामाच्या बाईला सुद्धा एवढी अक्कल आहे. टिन उघडला की भांड्यात काढायचं. पोरंसोरं सांगतात हो!"

जावयाचं तोंड उघडं राहिलं. त्याचेच शब्द. त्याने घसा कोरडा करून महिनाभर या घरात सांगितलेले शब्द, आता पाहुणा त्यालाच वाढत होता. चोर सोडून संन्याशाला फाशी ती हीच.

"मी नाही ठेवला तो," तो म्हणाला. आवाज त्याला हवा होता त्यापेक्षा चढला. "मी काल तो डब्यात काढला होता. लेबल लावून!"

"मग काय टिन स्वतः चालत आला?"

जावयाने सासूबाईंकडे पाहिलं. त्या जेवणाच्या टेबलाशी बसल्या होत्या. घडी घातलेल्या वर्तमानपत्राची त्या आणखी बारीक घडी घालत होत्या.

मेहुण्याने ती नजर टिपली. टिन टेबलावर ठेवून त्याने खुर्ची ओढली आणि आवाज एकदम मऊ केला. तो मऊ झाला की जावयाला जास्त भीती वाटायची.

"आईने ठेवला असेल तर तसं सांगा. लपवू नका. डब्यातलं काढून परत भंगारातल्या टिनात ओतायचं, हे काही ठिकाणावरच्या डोक्याचं काम नाही. त्या दुखण्यानंतर होतं असं, मी चौकशी केली आहे. आमच्याकडे म्हाताऱ्या माणसांचं एक केंद्र निघालंय. बाग आहे, नर्स आहे. जागा धरून ठेवायला सांगतो. ताई दिवसभर टांगलेली, तुम्ही खाली. हिने उद्या गॅस उघडा टाकला म्हणजे?"

"मला कुठे जायचं नाही," सासूबाई म्हणाल्या.

"तुला कोण विचारतंय, आई? तुझ्या भल्याचं बोलतोय ना मी."

सासूबाईंची बोटं टेबलाच्या कडेवर घट्ट झाली. नखं पांढरी पडली. त्या काहीतरी बोलणार तोच मेहुण्याचा फोन वाजला आणि तो 'बोला साहेब' म्हणत गॅलरीत गेला. जाता जाता वळून म्हणाला, "ठरवा दोघांनी. कुणाचा पराक्रम आहे ते. आलोच."

जावयाच्या अंगाचा नुसता भडका उडाला होता. केंद्राचं बोलणं त्याच्या कानांवरून गेलं म्हणा ना. डोक्यात एकच ठोका पडत होता: मी केलं नाही, मी केलं नाही. आज सोक्षमोक्ष लावायचाच. त्याने स्टीलचे डबे काढले. मका ओतला. फ्रिजच्या मागच्या बाजूला टोमॅटोचा आणि पीचचा टिनही सापडला, तसेच फॉइलच्या टोप्या घालून. तेही ओतले. तिन्ही डबे सासूबाईंपुढे आदळले आणि पट्ट्या आणि पेन पुढे सरकवलं.

"माझं अक्षर तुम्हाला मुंग्यांसारखं दिसतं ना? घ्या. आता तुम्हीच लिहा. स्वतःच्या हाताने. म्हणजे पुन्हा तक्रारीला जागा नको."

सासूबाईंनी पेन घेतलं.

उभी नोकरी त्यांनी नकाशांच्या कचेरीत काढली होती. डोंगरांची, नद्यांची, खेड्यांची नावं हाताने लिहायची. नदीचं नाव वाहतं लिहायचं आणि डोंगराचं बसकं, असं त्या सांगायच्या. पेन हातात आल्यावर त्यांची पाठ ताठ झाली. पहिली पट्टी: मका. दुसरी: टोमॅटो. तिसरी: पीच. शिरोरेघ अशी की पट्टीची कड वाकडी वाटावी. रागात असूनही जावई क्षणभर बघत राहिला. प्रत्येक शब्द लिहून झाला की त्या पट्टी त्याच्याकडे द्यायच्या, तो ती झाकणावर चिकटवायचा.

"झालं?" सासूबाई म्हणाल्या.

"झालं."

त्याने डबे बाजूला सरकवले, फ्रिजची फळी ओल्या फडक्याने पुसली, मक्याच्या टिनने पाडलेला गंजाचा गोल खरवडून काढला. पाठमोऱ्यानेच हात मागे केला.

"हं. आधी मका द्या."

हातात काही आलं नाही.

तो वळला. सासूबाई तिन्ही डब्यांकडे बघत होत्या. त्यांनी एक उचलला, कानाशी नेऊन हलवला. ठेवला. दुसरा उचलला, तोही हलवला. त्यांची नजर झाकणावरच्या पट्टीवर गेली आणि तिथे थांबली. गर्दीत एखादा माणूस ओळखीचं हसतो, हात हलवतो, आणि आपल्याला काही केल्या तो कोण ते आठवत नाही, तेव्हा माणूस बघतो तशा त्या स्वतःच्या अक्षराकडे बघत होत्या. शाई अजून पुरती वाळलीही नव्हती.

मग त्यांनी हनुवटी उचलली आणि मोठ्या ठामपणे एक डबा त्याच्या हातात दिला.

"घ्या."

झाकणावर टोमॅटो होतं. ठळक, घोटीव, नकाशातल्या गावासारखं टोमॅटो.

जावयाने वर पाहिलं. सासूबाईंचे डोळे डब्यावर नव्हते. ते त्याच्या चेहऱ्यावर होते. परीक्षेचा निकाल लावणाऱ्या माणसाच्या चेहऱ्याकडे बघतात तसे.

डोळे ठीक होते. त्यानेच तपासले होते. शेवटच्या बारीक ओळीपर्यंत.

लिहिता येतं पण वाचता येत नाही, अक्षर दिसतं पण लागत नाही, असं एखादं माणूस असतं हे शिकत असताना कधीतरी त्याच्या कानावरून गेलं होतं. पण ते पुस्तकातलं माणूस असतं. ते आपल्याच स्वयंपाकघरात मक्याचं चित्र शोधत भंगाराच्या पिशवीत हात घालत असेल, रोज सकाळी वर्तमानपत्र उघडून तासभर धरून बसत असेल, असं कुणाला वाटतं?

"बरोबर आहे ना?" सासूबाईंनी विचारलं.

फडक्यातलं पाणी त्याच्या पायावर ठिबकत होतं.

"बरोबर," जावई म्हणाला. त्याने टोमॅटोचा डबा फळीवर ठेवला. उरलेले दोन स्वतःच उचलून ठेवले.

गॅलरीचं दार सरकलं.

"हं, मग?" मेहुणा हात चोळत आत आला. "काय निकाल लागला? कुणाचा पराक्रम?"

सासूबाईंनी तोंड उघडलं.

"माझा," जावई म्हणाला.

मेहुण्याच्या भुवया वर गेल्या आणि तिथेच राहिल्या.

"आत्ता तर म्हणत होतात—"

"म्हणत होतो. अंगावर आल्यावर माणूस काहीही म्हणतो. दुकानात गिऱ्हाईक खोळंबलं होतं, डबा धुतलेला नव्हता, दिला तसाच ढकलून आत. रोजच करतो. आळस."

प्रत्येक वाक्य त्याला घशातून ओढून काढावं लागत होतं. एवढ्या सगळ्या डब्यांवर, एवढ्या लेबलांवर पाणी पडत होतं. पण मेहुण्याचा चेहरा उजळत चालला होता. त्याला केंद्रापेक्षा हे जास्त गोड लागलं. आईला वेडं ठरवण्यापेक्षा बहिणीच्या नवऱ्याला गबाळा ठरवण्यात पुष्कळ सुख असतं, शिवाय ते करायला फारसं काही करावंही लागत नाही.

"बघ आई," तो म्हणाला. "मी उगाच तुझ्यावर घसरलो. आणि भावजी, तुम्ही! दुसऱ्याच्या डोळ्यांवर काचा चढवता आणि स्वतःच्या फ्रिजमधलं दिसत नाही?"

"नाही दिसलं," जावई म्हणाला. "खरंच नाही दिसलं."

मेहुण्याने मग बसून सविस्तर सांगितलं. टिन उघडल्यावर काय करावं, कशात काढावं, झाकण कसं असावं. दोन-तीन दिवसांच्या वर ठेवू नये. जावई मान हलवत ऐकत होता. एकदा तर त्याने 'असं का?' असंही विचारलं. सासूबाई समोर बसून एकदा याच्याकडे, एकदा त्याच्याकडे बघत होत्या. त्यांची बोटं टेबलाची कड सोडून मांडीवर आली होती.

मेहुणा जेवला, ताईला निरोप सांगायला सांगितला, केंद्राचा विषय पुन्हा निघाला नाही. गाडीच्या पुढे कुणीतरी दुसरी गाडी लावली होती. त्याचा आवाज बराच वेळ गल्लीत घुमत राहिला आणि मग थांबला.

जावयाने परातीत कोमट पाणी घेतलं आणि तिन्ही रिकामे टिन आडवे बुडवले. कागद फुगला, कडेने सुटला. नखाने नाही, बोटाच्या पेराने, भिंगावरचा ठसा पुसावा तसा हलकेच त्याने तो सोलून काढला. कणीस अख्खं निघालं. टोमॅटोचा देठ फाटला, पण टोमॅटो राहिला. पीच सर्वांत हट्टी निघाला. ओली चित्रं त्याने खिडकीच्या काचेवर पसरली. उन्हाला अजून जोर होता.

सासूबाई दाराशी येऊन उभ्या राहिल्या.

"खोटं कशाला बोललात?" त्यांनी विचारलं.

"तुमचा मुलगा एवढ्या लांबून आला होता. रिकाम्या हाताने कसा पाठवायचा?"

त्या हसल्या नाहीत. पण ओठाचा एक कोपरा हलला.

चित्रं वाळली तशी त्याने खळ लावून ती डब्यांवर चिकटवली, पोटावर, झाकणावर नव्हे, म्हणजे फळीवर ठेवल्यावर समोरून दिसतील. पांढऱ्या पट्ट्याही तशाच राहू दिल्या. सासूबाईंनी एक डबा उचलला, आपल्याकडे फिरवला. पिवळंधमक कणीस. कानाशी न नेता त्यांनी तो सरळ मधल्या फळीवर ठेवला.

"तिला सांगू नका," त्या फ्रिजमध्ये बघत म्हणाल्या. "उगाच वर टांगलेली असताना माझाच विचार करत बसेल."

"तिला आज नाही सांगत. पण उद्या आपण दोघं डॉक्टरांकडे जायचं."

"कशाला? नंबर तर बरोबर आहे म्हणता."

"बरोबरच आहे," जावई म्हणाला. "म्हणूनच जायचं."

सासूबाईंनी फ्रिजचं दार लावलं. नीट लागलं की नाही ते हाताने दाबून पाहिलं.

दवाखान्यातून घरी सोडताना मोठ्या डॉक्टरांनी सासूबाईंना एका कोऱ्या कागदावर नाव आणि पत्ता लिहायला लावला होता. अक्षर पाहून ते खूश झाले आणि त्यांनी तो कागद सगळ्यांना दाखवला. लिहिलेलं वाचून दाखवा, असं सासूबाईंना कुणी म्हटलं नव्हतं.